परत न आलेल्या विमानाचा माग : वळिवड्याच्या आडनावापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी पाच नोंदसंचांचं परीक्षण

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या कॅम्पात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यात बहुतेक बायका आणि मुलं होती. घरचे पुरुष लढाईवर होते आणि त्यातले काही ब्रिटनमधून उडणाऱ्या पोलिश हवाई दलात होते. आज त्या जागी गांधीनगरची कापडपेठ आहे आणि कॅम्पाची आठवण महावीर उद्यानातल्या स्तंभावर उरली आहे. त्या कुटुंबांची नातवंडं कोल्हापूर पाहायला येतात. आजी कुठे राहायची याबरोबर ती आणखी एक गोष्ट विचारतात. आजीचा भाऊ बॉम्बरवर होता, एका रात्री गेला तो परतला नाही, त्याचं पुढे काय झालं?

याचा शोध कोल्हापुरात बसून घेता येतो आणि त्याला फारसा खर्च येत नाही. मात्र कुठलाही एक नोंदसंच सगळं सांगत नाही. थडग्यांची नोंद ठेवणाऱ्याकडे फक्त मेलेली माणसं सापडतात. स्क्वाड्रनच्या, म्हणजे हवाई दलातल्या तुकडीच्या, रोजनिशीत विमान उडाल्याची वेळ असते, उतरल्याची जागा रिकामी असते. त्यामुळे कोणता संच काय दाखवतो यापेक्षा तो काय दाखवूच शकत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. खालच्या पाच ठिकाणांचं परीक्षण त्याच बाजूने केलं आहे.

शोधाला बसण्याआधी हातात तीन गोष्टी हव्यात: आडनावाचं मूळ पोलिश लेखन, जन्मसाल आणि जन्मगाव. आडनावात पहिलीच चूक होते ती लिंगाची. कॅम्पाच्या कागदावर बाईचं नाव ‘कोवाल्स्का’ असेल, तर तिच्या भावाचं आडनाव ‘कोवाल्स्की’ असतं. शेवटचं अक्षर न बदलता शोधलं की पान कोरं येतं आणि माणूसच नव्हता असा समज होतो. आणि ती बाई लग्न झालेली असेल, तर भावासाठी तिचं माहेरचं आडनाव लागतं. दुसरी अडचण अक्षरांची. पोलिशमध्ये आडवी रेघ मारलेला एल असतो, त्याचा उच्चार ‘व’च्या जवळ जातो. ब्रिटिश कारकुनाच्या टंकयंत्रावर ती रेघ नव्हती, म्हणून इंग्रजी कागदांत साधा एल दिसतो. दोन्ही लेखनं करून पाहावीत.

क्शिस्तेकची यादी

पोलिश माणसासाठी सुरुवात इथूनच करावी. ब्रिटनमधल्या पोलिश हवाई दलात १९४० ते १९४७ या काळात असलेल्यांची ही यादी, ती तयार करणाऱ्या क्शिस्तेक यांच्या नावाने ओळखली जाणारी, इंटरनेटवर मोफत आहे. जिवंत राहिलेले, गेलेले, वैमानिक, जमिनीवरचे मेकॅनिक, सगळे तीत आहेत, आणि हाच तिचा मोठा गुण. बाकीच्या बहुतेक नोंदी मृत्यूपासून सुरू होतात, ही भरतीपासून सुरू होते. हुद्दा, सेवा क्रमांक, जन्मतारीख आणि मृत्यूची माहिती एकाच पानावर मिळते.

सेवा क्रमांक वहीत उतरवून घ्या, पुढे नावापेक्षा तोच जास्त उपयोगी पडतो. अधिकाऱ्यांच्या क्रमांकाआधी ‘पी’ हे अक्षर असतं, शिपाई-सार्जंटांचे क्रमांक बहुधा ७८ किंवा ७९ने सुरू होतात. ‘पी’चा क्रमांक समोर असताना नोंदीत सार्जंट लिहिलेलं दिसलं, तर एकाच नावाचे दोघेजण मिसळलेत का ते तपासा.

पोलिश येत नसलं तरी चालतं, पण काही शब्द डोळ्यांना ओळखीचे करून घ्यावे लागतात. ‘झ्गिनोव’ म्हणजे मारला गेला, ‘झागिनोव’ म्हणजे बेपत्ता झाला. रोमन लिपीत या दोन शब्दांत फरक फक्त एका ‘ए’चा आहे. घाईत तो निसटतो आणि बेपत्ता माणसाचं थडगं शोधण्यात आठवडे जातात. ‘पोलेग्व’ म्हणजे लढताना पडला, ‘येनियेत्स’ म्हणजे युद्धकैदी, ‘पोहोवानी’ म्हणजे दफन केलेला. ब्राउजरचं भाषांतर कामाला येतं, पण नेमबाजाला पोलिशमध्ये ‘स्त्शेलेत्स’ म्हणतात आणि धनू राशीचं नावही तेच आहे. भाषांतरात क्रूमध्ये धनू रास आली, तर तिथे तोफची, म्हणजे गनर, समजावा.

हुद्द्यांचंही तसंच. पोलिश ‘कपितान’ म्हणजे ब्रिटिश हवाई दलातला फ्लाइट लेफ्टनंट. एका कागदावर कॅप्टन, दुसऱ्यावर फ्लाइट लेफ्टनंट दिसलं तर ती चूक नव्हे, ती दोन दलांची दोन नावं आहेत.

यादीची मर्यादा अशी की ती माणसांची आहे, विमानांची नाही. त्या रात्री बरोबर कोण होतं, लक्ष्य कोणतं, विमान कोणतं, यासाठी पुढे जावं लागतं.

लिंकनचा बॉम्बर कमांड नोंदसंच

इंग्लंडमधल्या लिंकन शहराजवळ इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटर आहे. बॉम्बर कमांड म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचा बॉम्बर विमानांचा विभाग. तिथला स्मृतिस्तंभ लँकॅस्टर विमानाच्या पंखविस्ताराइतका, म्हणजे १०२ फूट उंच आहे. याच केंद्राचा हानीचा नोंदसंच इंटरनेटवर मोफत आहे. पाचही ठिकाणांत वापरायला हा सर्वांत सोपा आणि सर्वांत भरलेला. एका माणसाच्या पानावर त्याचं स्क्वाड्रन, विमानाचा प्रकार, मालिका क्रमांक, कोणत्या तळावरून उड्डाण, लक्ष्य, हानीचं कारण आणि दफनाची जागा मिळते. सर्वांत मोलाचं म्हणजे त्याच विमानातल्या सोबत्यांचे दुवे असतात. एक नाव सापडलं की अख्खा क्रू समोर येतो.

क्रूची मोजणी इथेच करून घ्यावी. लँकॅस्टर आणि हॅलिफॅक्समध्ये सात माणसं: वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बॉम्ब-एमर (नेम धरून बॉम्ब सोडणारा), वायरलेस ऑपरेटर आणि दोन गनर, एक पाठीवरच्या बुरुजात आणि एक शेपटीत. वेलिंग्टनमध्ये पाच किंवा सहा. पोलिश ३०० क्रमांकाचं स्क्वाड्रन वेलिंग्टनवर लढलं आणि १९४४ साली लँकॅस्टरवर आलं, म्हणून साल पाहूनच किती नावं शोधायची ते ठरतं. लँकॅस्टरवर आठ नावं मिळाली तर गडबडू नका. नवख्या वैमानिकाला पहिल्या मोहिमेवर अनुभवी क्रूबरोबर पाठवायची पद्धत होती, तो आठवा बहुधा तोच असतो. पाचच मिळाली तर दोघे वाचले असण्याची शक्यता आहे.

विमानाच्या प्रकारावरूनही अंदाज बांधता येतो. बॉम्बर कमांडच्या ऑपरेशनल रिसर्च विभागात, म्हणजे मोहिमांचं आकडेशास्त्रीय विश्लेषण करणाऱ्या विभागात, काम केलेल्या फ्रीमन डायसन यांनी पाडल्या गेलेल्या विमानांतून वाचणाऱ्यांचं प्रमाण मांडलं होतं: हॅलिफॅक्समधून सुमारे २५ टक्के, लँकॅस्टरमधून सुमारे १५. लँकॅस्टरचं पुढचं सुटकेचं दार अरुंद होतं. जाड कपडे आणि पॅराशूट घालून, गोल गोल पडणाऱ्या विमानात, अंधारात त्यातून बाहेर पडावं लागे.

‘हानीचं कारण’ हा रकाना मात्र जपून वाचावा. रात्री एकटं पडलेलं विमान कशाने पडलं हे इंग्लंडला बहुतेक वेळा कळायचंच नाही. १९४३पासून जर्मन रात्रलढाऊ विमानांच्या पाठीत तिरप्या, वर रोखलेल्या तोफा बसवायला सुरुवात झाली. ही विमानं बॉम्बरच्या पोटाखाली येत आणि पंखातल्या इंधनाच्या टाक्यांवर मारा करत. चमकणारी गोळी वापरत नसत, त्यामुळे शेजारच्या विमानातल्यांनाही मारा कुठून झाला ते दिसत नसे. म्हणून त्या रकान्यात रात्रलढाऊ विमानाचा उल्लेख असेल, तर तो बहुधा युद्धानंतर जर्मन दाव्यांशी तारीख, वेळ आणि जागा जुळवून आलेला असतो. जुळवणी चांगली असू शकते, पण तिला डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीचा दर्जा देऊ नये.

नावाप्रमाणेच हा संच बॉम्बर कमांडचा आहे, आणि वळिवड्याच्या कुटुंबांसाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. १९४४च्या ऑगस्टमध्ये पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, जर्मनांविरुद्ध उठाव झाला, तेव्हा शस्त्रं टाकायला इटलीतून रात्री विमानं गेली: पोलिश १५८६ फ्लाइट (फ्लाइट म्हणजे स्क्वाड्रनपेक्षा लहान तुकडी), ब्रिटिश १४८ आणि १७८ स्क्वाड्रन, दक्षिण आफ्रिकेचं ३१ स्क्वाड्रन. विमानं हॅलिफॅक्स आणि लिबरेटर, म्हणजे बॉम्बरच, आणि जाऊन-येऊन दहा-अकरा तासांचा प्रवास. पोलिश वैमानिक झ्बिग्न्येव शोस्ताक यांचं लिबरेटर केजी ८९० अशाच मोहिमेवर होतं. १४-१५ ऑगस्टच्या रात्री वॉर्साहून परतताना ते बोख्न्याजवळच्या न्येश्कोवित्से व्येल्क्ये इथे पाडलं गेलं आणि सातही जण गेले. ही माणसं बॉम्बर कमांडची नव्हती. क्शिस्तेकच्या यादीत १५८६ हा आकडा दिसला, की लिंकनवर वेळ घालवू नका.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचा शोध

बहुतेक जण इथून सुरुवात करतात आणि इथेच अडकतात. दोन्ही महायुद्धांतल्या राष्ट्रकुल देशांच्या १७ लाख मृतांची नोंद, शोध मोफत, पानं नेटकी, मोबाइलवरही नीट उघडणारी. दुसऱ्या महायुद्धासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ एवढा काळ धरला आहे. ब्रिटिश, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन माणसासाठी याहून खात्रीची नोंद नाही.

पोलिश माणसासाठी मात्र हा रस्ता अर्धाच आहे. वायव्य युरोपवर उडालेले आणि थडगं नसलेले राष्ट्रकुलाचे वीस हजारांहून अधिक हवाई सैनिक इंग्लंडमधल्या रनिमीडच्या स्मारकावर कोरलेले आहेत. पोलिश हवाई दल ब्रिटिशांबरोबर लढत असलं तरी स्वतंत्र देशाचं दल होतं, म्हणून त्यांचे बेपत्ता सैनिक रनिमीडवर नाहीत. त्यांचं स्मारक लंडनच्या नॉर्थोल्टला आहे. कमिशनच्या दफनभूमीत थडगं असलेला पोलिश सैनिक शोधात येऊ शकतो, समुद्रात गेलेला येणार नाही. ‘शोधलं, नाही मिळालं’ असं पाहुण्यांना सांगण्याआधी एवढं लक्षात ठेवावं. चेक सैनिकांचं वेगळं आहे. त्यांची भरती ब्रिटिश हवाई दलाच्या राखीव दलात झाली होती, म्हणून ते रनिमीडवर आहेत.

राष्ट्रकुलाच्या बेपत्तांसाठीही स्मारक प्रदेशाप्रमाणे बदलतं. इटलीतल्या तळावरून उडालेला माल्टाच्या स्मारकावर, बंगालमधल्या तळावरून ब्रह्मदेशावर गेलेला सिंगापूरच्या क्रांजीला. तळ कुठे होता ते आधी ठरवा, मग स्मारक.

थडग्याच्या क्रमांकातून बरंच कळतं. सात जणांची थडगी एका ओळीत स्वतंत्र असतील, तर प्रत्येकाची ओळख पटली होती. चौघांच्या नावापुढे ‘सामूहिक थडगं’ आणि सलग क्रमांक असतील, तर त्या चौघांना वेगवेगळं ओळखता आलं नाही. विमान जमिनीवर आदळून जळालं किंवा स्फोट झाला असं त्यातून बहुधा निघतं. कुटुंबाला हे सांगताना शब्द सांभाळून वापरावेत. एकाच क्रूमधले तिघे दफनभूमीत आणि चौघे स्मारकावर असतील, तर विमान समुद्रात पडून काही देह किनाऱ्याला लागले का, ते तपासावं.

नोंदीखाली जोडलेले जुने कागद असतील तर ते जरूर उघडा. युद्धानंतर गावोगावच्या कबरी उकरून देह मोठ्या दफनभूमीत हलवले गेले, त्या वेळचे तक्ते तिथे मिळतात. त्यांत आधीचं गाव असतं, आणि विमान कुठे पडलं याचा सर्वांत जवळचा पुरावा अनेकदा तेच गाव असतं. जर्मनीतल्या राइशवाल्डच्या दफनभूमीत थडगं आहे म्हणून विमान राइशवाल्डला पडलं असं समजणं ही नेहमीची चूक.

दुसरी चूक तारखेची. मोहीम एका संध्याकाळी सुरू होते आणि दुसऱ्या पहाटे संपते. वॉर ग्रेव्ह्जच्या नोंदीत मृत्यूची तारीख यातली कुठलीही असू शकते, एकाच क्रूमध्ये दोन तारखाही सापडतात. शोध नेहमी आधीचा आणि नंतरचा दिवस धरून करावा.

आणि ही नोंद फक्त मृतांची आहे, हे ब्रिटिश वैमानिक सिरिल बार्टन यांच्या उदाहरणातून स्वच्छ दिसतं. ३० मार्च १९४४च्या रात्री न्यूरेंबर्गवर ७९५ विमानं गेली आणि त्यातली ९५ परतली नाहीत. बॉम्बर कमांडची एका रात्रीतली ही सर्वांत मोठी हानी. बार्टन यांचं हॅलिफॅक्स एलके ७९७ हे ५७८ स्क्वाड्रनचं होतं. रात्रलढाऊ विमानाच्या माऱ्यात आतली संभाषणयंत्रणा बंद पडली, इशाऱ्याच्या दिव्याचा अर्थ चुकीचा लागला आणि तिघांनी जर्मनीवर उड्या मारल्या. नॅव्हिगेटर, बॉम्ब-एमर आणि वायरलेस ऑपरेटर असे तिघेही गेल्यावर बार्टन यांनी लक्ष्य गाठलं आणि विमान इंग्लंडपर्यंत आणलं. पहाटे इंधन संपलं आणि ते रायहोपच्या खाणवस्तीजवळ कोसळलं. बार्टन गेले, मागे बसलेले तिघे वाचले, उड्या मारलेले तिघे कैदेत होते. बार्टन यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सात माणसांच्या या क्रूमधलं एकच नाव वॉर ग्रेव्ह्जच्या शोधात येतं, आणि तेही ३१ मार्चच्या तारखेने. बाकी सहा जणांचं त्या रात्रीचं आयुष्य या नोंदीत मावतच नाही.

ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार

इथे स्क्वाड्रनच्या मूळ रोजनिशा आहेत, मालिका ‘एअर २७’. शोधयादी मोफत आहे, पण मूळ पानं उतरवून घ्यायला पैसे लागू शकतात. दर त्याच पानावर लिहिलेला असतो. परदेशी व्यवहारासाठी कार्ड आधी बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करून ठेवा, नाहीतर पैसे भरताना व्यवहार अडकतो.

फाइल घेताना एक गोष्ट पाहा. रोजनिशीचे दोन भाग असतात, फॉर्म ५४० आणि फॉर्म ५४१. पहिल्यात महिन्याचा गोषवारा असतो: हवामान, बदल्या, कोण आलं-गेलं. क्रू हवा असेल तर दुसरा घ्यावा. त्यात तारीख, विमानाचा क्रमांक, प्रत्येकाचं नाव, उड्डाणाची वेळ, उतरण्याची वेळ आणि वैमानिकाचा अहवाल असतो. चुकीचा भाग विकत घेऊन पैसे वाया जातात ते इथेच. पानं आडवी आणि दाट टंकलेली असतात, ए-४वर छापली तर वाचता येत नाहीत. राजारामपुरीतल्या एखाद्या झेरॉक्सवाल्याकडून ए-३वर काढून घ्या.

परत न आलेल्या विमानापुढे बहुतेक वेळा एकच ओळ मिळते: उड्डाणानंतर काही कळलं नाही. त्या ओळीसाठी पैसे द्यावेत का? आमच्या मते द्यावेत, पण ती ओळ वाचायला नव्हे. त्याच पानावर त्याच रात्री परतलेल्या दहा-पंधरा विमानांचे अहवाल असतात. ढग किती उंचीवर होते, वारा अंदाजापेक्षा किती जोरात होता, कुठल्या शहरापाशी विमानं पडताना दिसली, कुठल्या वेळी. हरवलेल्या विमानाबद्दल त्या स्क्वाड्रनला जे माहीत होतं ते सगळं शेजारच्या ओळींत असतं. आधीच्या दोन महिन्यांची पानंही घेतली, तर त्या क्रूच्या किती मोहिमा झाल्या होत्या ते मोजता येतं. एका दौऱ्यात साधारण ३० मोहिमा असत. चौथ्या मोहिमेवर गेलेला क्रू आणि अठ्ठाविसाव्या मोहिमेवर गेलेला क्रू, दोघांच्याही घरच्यांना हा आकडा हवा असतो.

पोलिश भाषेतले कागद लंडनच्या पोलिश इन्स्टिट्यूट आणि सिकोर्स्की संग्रहालयात आहेत. ई-मेल पाठवताना सेवा क्रमांक, स्क्वाड्रन आणि तारीख या तिन्ही गोष्टी लिहा. नुसतं आडनाव कळवून काही हाती लागत नाही.

ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय अभिलेखागार, मालिका ए ७०५

पाचही ठिकाणांत सर्वांत कमी वापरलं जाणारं आणि राष्ट्रकुलाच्या मिश्र क्रूसाठी सर्वांत जास्त देणारं हे ठिकाण. ब्रिटिश स्क्वाड्रनच्या एका विमानात ब्रिटिश, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन असे सगळे एकत्र असत. त्यांतला एक जण जरी ऑस्ट्रेलियन हवाई दलाचा असेल, तर ऑस्ट्रेलियाने त्याच्यासाठी वेगळी हानी-फाइल उघडली. एका माणसाच्या नावाची ती फाइल व्यवहारात सातही जणांची असते, कारण चौकशी विमानाची व्हायची.

शोधाची रीत अशी: मालिकेच्या रकान्यात ए ७०५ टाका आणि शब्दाच्या रकान्यात आडनाव. आडनाव माहीत नसेल तर विमानाचा मालिका क्रमांक टाका. अनेक फाइलींच्या शीर्षकातच विमानाचा प्रकार, क्रमांक, जागा आणि तारीख असते, त्यामुळे क्रमांकावरूनही फाइल हाती येते. डिजिटल चिन्ह असेल तर पानं पडद्यावर मोफत वाचता येतात.

आत घरच्यांना गेलेल्या तारा, आईवडिलांची पत्रं, रेड क्रॉसमार्फत आलेली जर्मन माहिती आणि कैदेतून सुटलेल्या सोबत्याचा जबाब मिळू शकतो. मग युद्धानंतर ब्रिटिश हवाई दलाच्या बेपत्ता-शोध पथकाने गावात जाऊन केलेला तपास: पाद्र्याने काय सांगितलं, कोणत्या शेतात इंजिन सापडलं, अंगठीवरून किंवा कपड्यावरच्या धोबीखुणेवरून कोणाची ओळख पटली. वॉर ग्रेव्ह्जच्या नोंदीत ‘सामूहिक थडगं’ हे दोन शब्द जिथे थांबतात, तिथून ही फाइल पुढे बोलते. दफनाचे तपशील कधी फार उघडे असतात. पाहुण्यांच्या हातात फाइल देण्याआधी स्वतः पूर्ण वाचा आणि काय आहे ते आधी सांगून ठेवा.

पूर्ण पोलिश क्रूसाठी इथे काही नाही. पण वॉर्सावर गेलेल्या १७८ स्क्वाड्रनच्या विमानांत ऑस्ट्रेलियन होते, म्हणून उठावाच्या त्या रात्रींचा शोध घेणाऱ्यांनी हे दार जरूर ठोठवावं.

एकच संध्याकाळ हाताशी असेल तर पोलिश नावासाठी क्शिस्तेकची यादी, मग स्क्वाड्रन ३००, ३०१, ३०४ किंवा ३०५ असेल तर लिंकन. यातलं ३०४ मे १९४२मध्ये किनारी दलाकडे, म्हणजे कोस्टल कमांडकडे गेलं, त्यानंतरची हानी लिंकनला शोधू नका. ब्रिटिश नावासाठी लिंकन आधी, वॉर ग्रेव्ह्ज नंतर, आणि क्रूमध्ये ऑस्ट्रेलियन दिसला की लगेच ए ७०५. अभिलेखागाराचे पैसे शेवटी, विमानाचा क्रमांक आणि तारीख दोन ठिकाणी जुळल्यावरच भरा. जे सापडेल ते सेवा क्रमांकासह एका कागदावर लिहून द्या आणि आडनाव पोलिश अक्षरांतच लिहा, एलवरची रेघ न विसरता.